पावणेदोन मिलिमीटर

पश्चिम टेक्सासमधल्या रेगन काउंटीत एका रँचवर गवत जळून जमिनीवर मिठाचा पांढरा थर चढला होता. जवळपासची एखादी बेवारस तेलविहीर खालचं खारं पाणी वर ढकलत असणार. २८ मे १९२३ ला सांता रिटा नंबर १ या विहिरीला तेल लागलं ते याच काउंटीत. तेव्हापासूनच्या सगळ्या विहिरींचे कागद मिळतातच असं नाही. मग जुनी टोपोशीट, म्हणजे त्या भागाचा तपशीलवार नकाशा, काढायची. ते माझं काम.

१:२४,००० च्या शीटवर विहिरीचं वर्तुळ स्वच्छ दिसत होतं. आमच्या लोकांनी दोन दिवस तिथे जमिनीतलं लोखंड हुडकणारा मॅग्नेटोमीटर फिरवला. काहीच लागलं नाही. रँचवाल्या आजोबांनी फोनवर विचारलं, "नकाशा खोटा आहे का?"

ते मला लागलं. त्या शीटवर एकेक पवनचक्की आहे, गुरांच्या पाण्याचं एकेक तळं आहे. तळ्याला तिकडे 'टँक' म्हणतात. हा शब्द आपल्या पाण्याच्या टाक्याशी नातं सांगतो, असं काही कोशकार मानतात. इतक्या निगुतीने केलेला कागद खोटा कसा असेल?

खोटा नव्हताच. स्कॅन बसवताना आमच्याच ऑफिसात कोणीतरी कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश एनएडी ८३ हा डेटम, म्हणजे ते मोजण्याची आधारचौकट, धरून टाकले होते. शीट त्याआधीच्या एनएडी २७ डेटमची, आणि तसं तिच्या तळाशी छापलेलं. सॉफ्टवेअर डेटम विचारतं, लोक आधीच निवडलेल्यावर ओके दाबतात. समास वाचायची सवयच गेली आहे, आणि याचा मला मनापासून राग येतो. त्या भागात दोन्ही डेटममधला फरक सुमारे चाळीस मीटर, म्हणजे कागदावर पावणेदोन मिलिमीटर. बिंदू पश्चिमेला सरकवला. तिसऱ्या दिवशी दुपारी मॅग्नेटोमीटरचा आकडा एकदम चढला. हातभर खणल्यावर गंजलेली केसिंग, म्हणजे विहिरीची पोलादी नळी, लागली.

आजोबा खूश झाले, फाइल बंद झाली. पण त्याच शीटच्या पुढच्या आवृत्तीत, थोडं दक्षिणेला, एक जांभळं वर्तुळ आहे. जांभळं म्हणजे विमानातून काढलेल्या फोटोंवरून नंतर भरलेलं, जागेवर जाऊन न तपासलेलं. शेजारी नाव नाही. वरून पाहणाऱ्याला ते पाण्याचं टँक वाटलं असेल, तेलाची टाकी वाटली असेल, नाहीतर विहीर.

मी आजोबांना फोन केला. ते म्हणाले, "तिथे टँक कधीच नव्हतं."

त्या जागेचा एकही कागद मला अजून सापडलेला नाही. बिंदू मात्र मी डेटम तपासून, पश्चिमेला सरकवून ठेवला आहे.