२०७ : सकाळची एअर अखेर सापडली

पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश आणि पिना यांविषयी लिहीन, असे मागच्या नोंदीत म्हटले होते. ते सामान अजून खोक्यातच आहे. कारण माझ्या २००६ च्या टाटा २०७ डीआय पिकअपची एअर, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये शिरणारी हवा, अखेर सापडली, आणि ती अशा ठिकाणी सापडली की चार महिन्यांत बदललेले जवळजवळ सगळे सुटे भाग मी विनाकारण बदलले, हे मान्य करावे लागते.

लक्षण तेच होते. गाडी दिवसभर अर्ध्या सेल्फला चालू होई. रात्रभर उभी राहिली की सकाळी आधी डिझेल चढवायचा हातपंप मारावा लागे आणि मग पांढरा धूर सोडत ती कशीबशी उठे. सक्शन लाइनमध्ये, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या नळीत, छिद्र असले तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते आणि इंजिन बंद असताना लाइनमधले डिझेल टाकीत उतरते. त्यामुळे चेसीखाली फडके फिरवून ओल शोधण्यात मी घालवलेले रविवार वाया जाणारच होते.

पहिला संशय बँजो बोल्टच्या, म्हणजे डिझेलच्या नळ्या जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या, वायसरांवर होता. दुकानातून आणलेली नवी ‘तांब्याची’ वायसरे चुंबकाला चिकटली, म्हणजे लोखंडावर नुसता तांब्याचा रंग चढवलेला होता. त्यापेक्षा जुनीच खरी तांब्याची वायसरे लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकली आणि मऊ झाल्यावर पुन्हा बसवली. ती छान बसली, पण सकाळ काही सुधारली नाही. हातपंप आणि रबरी होस बदलूनही फरक पडला नाही.

मग फिल्टरच्या आधी पारदर्शक नळी घातली. तिच्यात मोहरीएवढे बुडबुडे स्पष्ट दिसत होते. नंतर टाकी बाजूला ठेवून पाच लिटरच्या कॅनमधून थेट डिझेल दिले, तर दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्याच सेल्फला उठली. पंप आणि फिल्टर निर्दोष ठरले. हा प्रयोग मी सर्वांत आधी करायला हवा होता.

वाडीच्या मिस्त्रीकाकांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ‘भाऊ, टाकी अर्धी झाली का मंगच रुसते का हे?’ मी वही उघडली. टाकी भरून काटोलला संत्री आणायला गेलो, त्यानंतरच्या सगळ्या सकाळी सुरळीत गेल्या होत्या. तक्रारीची प्रत्येक नोंद काटा अर्ध्याखाली असतानाची होती.

टाकी उतरवून सक्शन नळी बाहेर काढली, तिचे एक टोक अंगठ्याने दाबून बादलीत बुडवली आणि दुसऱ्या टोकातून फुंकले. मधोमध, गंजाच्या एका फोडाखालून, बुडबुड्यांची बारीक रांग वर आली. डिझेलची पातळी त्या छिद्राच्या वर असेपर्यंत ते झाकलेले राही. पातळी खाली गेली की नळी हवा ओढू लागे.

नवी नळी तांब्याची करावी, असे आधी ठरवले होते, कारण ती वाकवायला सोपी जाते. पण तांब्यामुळे डिझेल लवकर खराब होते, म्हणून पोलादी नळीच घेतली. टाकीला ठिगळ लावायची वेळ आली नाही हे बरे झाले. डिझेलची वाफ असलेल्या टाकीला वेल्डिंगची ज्योत लावू देणाऱ्यांची मला धास्तीच वाटते.

हे लिहिताना आणखी एक विचार आला आहे. टाकीच्या तळाशी चमचाभर गंजाचा गाळ निघाला, तेव्हा फिल्टरच्या आधी पाणी आणि गाळ अडवणारी पारदर्शक वाटी बसवावी. ती मिळाली तर पाटे आणखी मागे पडतील. फिटनेस प्रमाणपत्राची तारीख मात्र जवळ आली आहे. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला ते दरवर्षीच लागते, त्यामुळे निदान मागचे बुश तरी आधी उरकावे लागतील.

काल रात्री मुद्दाम पाव टाकीवर गाडी उभी केली होती. आज सकाळी हातपंपाला हात न लावता ती अर्ध्या सेल्फला उठली, आणि पारदर्शक नळीत एकही बुडबुडा नव्हता.