बोलण्याआधी बाळाचे हात बोलतात

बाळ टाटा करायला लागलं, ‘जय जय कर’ म्हटल्यावर हात जोडायला लागलं, की ते खुणा शिकायला तयार झालं असं समजा. ओठ आणि जीभ जुळवून नीट शब्द काढायला साधारण वर्ष लागतं. हातांवरचा ताबा त्याच्या बराच आधी येतो. मधल्या तीन-चार महिन्यांत बाळाला काय हवं ते पक्कं ठाऊक असतं, पण सांगता येत नाही आणि रडारड होते. खुणा या मधल्या काळासाठी आहेत.

सुरुवात तीनच खुणांनी करा. ‘दूध’साठी एका हाताची मूठ उघडायची-मिटायची. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार काढताना बघितलेल्याला ही वेगळी शिकवावी लागत नाही. ‘आणखी’साठी दोन्ही हातांची बोटं जुळवून टोकाला टोक टेकवायचं. ‘पुरे’साठी दोन्ही पंजे छातीसमोर धरून बाहेरच्या बाजूला उलटवायचे. ही तिन्ही रूपं कर्णबधिरांच्या अमेरिकन सांकेतिक भाषेतली आहेत आणि बऱ्याच ठिकाणी बाळांना हीच शिकवली जातात. पुढची खूण मात्र आपल्या भारतीय सांकेतिक भाषेतून घ्या. दिल्लीत २०१५ साली त्यासाठी राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यांचा शब्दकोश यूट्यूबवर व्हिडिओंच्या रूपात फुकट आहे. २०१८ मध्ये तीन हजार शब्दांनी सुरू झालेला हा कोश २०२१ पर्यंत दहा हजारांवर गेला. उद्या बालवाडीत शेजारी ऐकू न येणारं मूल बसलं, तर यातलीच एखादी खूण दोघांच्या कामी येईल.

शिकवायची वेळ म्हणजे ती गोष्ट घडण्याची वेळ. बाळाला भूक लागलीय, बाटली किंवा वाटी तुमच्या हातात आहे, बाळ तुमच्याकडे बघतंय. अशा वेळी हात आपल्या चेहऱ्याजवळ आणा, तोंडाने ‘दूध’ म्हणा आणि तेव्हाच मूठ उघड-मीट करा. पाच सेकंद थांबा. मग दूध द्या आणि देताना एकदा परत करा. शब्द कधीही गाळायचा नाही. मुक्याने खूण केली तर बाळाला बोलणं कमी ऐकायला मिळतं. सहाव्या महिन्यात सुरू केलं तर बाळाकडून खूण यायला दोन महिनेही लागतात, दहाव्यात केलं तर कधी काही आठवड्यांत येते. बाळाची खूण ओबडधोबड असते. ‘आणखी’ म्हणताना ते टाळ्या वाजवेल, नाहीतर एक बोट तळव्यावर टोचेल. तीच खरी मानून लगेच प्रतिसाद द्या; त्याचे हात धरून दुरुस्त करू नका, तुम्ही तुमची नीट करत राहा.

घोळ बहुतेक दोन ठिकाणी होतो. पहिला म्हणजे परीक्षा. पाहुणे आले की ‘दाखव बघू, दूध कसं करायचं’ सुरू होतं. पोट भरलेल्या बाळाला दूध नकोच असतं, मग ते कशाला करेल? दुसरा घोळ म्हणजे ‘आणखी’ हाच सगळ्याचा मंत्र होणं. ती खूण केली की काहीतरी मिळतंच, हे बाळ पटकन ओळखतं. तेव्हा ‘आणखी केळं?’ असं वस्तूचं नाव जोडा आणि केळ्याची वेगळी खूण सुरू करा.

सगळ्यात जपायची खूण ‘पुरे’ची. मऊ भाताच्या वाटीत तीन घास उरलेले असतात. बाळ तोंड फिरवतं, पंजे उलटवतं. आजी म्हणते, ‘हा एकच, काऊचा.’ मग चिऊचा येतो. असं दोन-चार दिवस झालं की बाळ खूण सोडून देतं आणि वाटीला फटका मारतं, कारण फटक्याने घास खरंच थांबतो. आजीची माया खरीच आहे, पण त्या क्षणी चमचा खाली ठेवायलाच हवा. म्हणून दिवसभर बाळाजवळ कोण असतं ते आधी बघा. आजी, आत्या, पाळणाघरातल्या मावशी, सगळ्यांना तीन खुणांचा दहा सेकंदांचा व्हिडिओ घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवा. आईनेच तेवढ्या केल्या तर खुणा संध्याकाळपुरत्याच उरतात.

खुणांनी बाळ उशिरा बोलतं ही भीती निराधार आहे, आणि ते हुशार होतं हा दावाही टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ कर्क आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चाळीस बाळांकडे आठव्या महिन्यापासून विसाव्यापर्यंत पाहिलं. खुणा शिकलेल्यांची भाषा पुढे गेलेली दिसली नाही. त्यांच्या आया मात्र बाळाच्या न बोललेल्या गोष्टींना जास्त दाद देत होत्या. माझ्या मते तेवढं भरपूर आहे. शब्द आले की खुणा आपोआप गळतात, त्या धरून ठेवू नका.

पण खुणा छान येतायत म्हणून कानांकडे दुर्लक्ष नको. दहा महिने झाले तरी ‘बाबाबा’, ‘दादादा’ नाही, मागून हाक मारली तर वळत नाही, तर थांबू नका. कोल्हापुरात असाल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात, किंवा ऑडिओलॉजिस्टकडे म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे न्या. ओएई ही कानाची प्राथमिक तपासणी बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते, दुखत नाही; तिच्यात शंका आली तर बेरा ही आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी करतात. ऐकू येत नाही असं निघालं, तर तीन-चार खुणांवर भागत नाही. त्या मुलाला सांकेतिक भाषा रोज अस्खलित वापरणारी मोठी माणसं लागतात, आणि आई-बाबांनाही त्याच्या बरोबरीने ती शिकायला बसावं लागतं.