टेपचा वेग

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील युइन या आदिवासी लोकांच्या धुर्गा भाषेची एक ध्वनिफीत गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे डिजिटल करण्यासाठी आली. कॅनबेरातील ज्या ध्वनिसंग्रहात मी तंत्रज्ञ आहे, तिथे 1960च्या दशकातील अशी रिळे पुष्कळ आहेत. त्या काळी संशोधक बॅटरीवर चालणारे टेपरेकॉर्डर घेऊन आदिवासींच्या वसाहतींवर जात आणि म्हाताऱ्या माणसांकडून शब्द, वाक्ये, गाणी भरून घेत. या डब्यावर ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव ठळक होते. बोलणाऱ्याविषयी 'वृद्ध पुरुष' एवढीच नोंद होती.

डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला, म्हणजे ॲसिटेटची फीत खराब होऊ लागली होती. ती वाजवली, तर आवाज हळूहळू चढत जात होता. बॅटरी उतरली की रेकॉर्डर मंदावतो, आणि मंद वेगाने भरलेली फीत नेहमीच्या वेगाने लावली की माणूस बारीक आवाजात, घाईघाईने बोलू लागतो. विजेवरच्या यंत्राने भरलेल्या फितीत बहुधा 50 हर्ट्झची गुणगुण सापडते आणि तिच्यावरून वेग ठरवता येतो. इथे तो आधार नव्हता. हा नुसता तांत्रिक काटेकोरपणा नव्हे. वेग चुकला की स्वरांचा रंगही बदलतो, आणि ही भाषा नव्याने शिकणारी मुले असेच आवाज ऐकून उच्चार उचलतात. धुर्गाचा कोश आणि व्याकरण 2020 साली प्रसिद्ध झाले असले, तरी कागदावरून कानाचे काम होत नाही.

मृत व्यक्तीचा आवाज अवचित कानी पडणे त्या समाजात क्लेशकारक मानले जाते, म्हणून आधी संमती घ्यावी लागते. त्यासाठी एक वयस्कर बाई भाच्याला घेऊन आल्या. तिथल्या रीतीप्रमाणे सगळे त्यांना 'आंटी' म्हणत होते. दोन वाक्ये ऐकून त्या म्हणाल्या, "हा माझ्या आईचा मामा. पण याला कोणी तरी पळवतंय."

मी वेगाचे बटण त्यांच्यासमोर फिरवू लागलो. "खाली. अजून. थांब." तंबोरा लावताना खुंटी पिळावी तसे हे दर काही मिनिटांनी करावे लागले. फितीच्या दुसऱ्या बाजूला नव्या बॅटरीवर भरलेला मजकूर होता. त्याच्याशी मी नंतर ताडून पाहिले, तेव्हा आंटींनी लावलेल्या आवाजात सांगण्याजोगा फरक निघाला नाही. मूळ डिजिटल प्रत 96 किलोहर्ट्झवर (म्हणजे आवाजाचे सेकंदाला 96 हजार नमुने घेऊन) आहे तशीच ठेवली; दुरुस्ती फक्त ऐकण्याच्या प्रतीत केली.

फितीत बहुतेक माशांची आणि शिंपल्यांची नावे होती. मध्येच म्हातारबाबा गुलागा पर्वताविषयी सांगू लागतात: ती आई, समुद्रात गेलेला थोरला मुलगा म्हणजे बारुंगुबा बेट आणि आईजवळ राहिलेला धाकटा म्हणजे नाजानुगा ही टेकडी. तेवढ्यात प्रश्नकर्ता पुढचा शब्द विचारतो. मला त्याचा राग आला; आंटी मात्र हसल्या, कारण मामा त्याला न जुमानता आपली गोष्ट पुरी करतो.

नोंदीतले 'वृद्ध पुरुष' गेले, आंटींनी सांगितलेले नाव वर आले आणि प्रश्नकर्त्याचे खाली. शब्दांचा भाग शिकवणाऱ्यांना खुला झाला. मधल्या काही मिनिटांसाठी मात्र कुटुंबाच्या परवानगीची अट पडली. ती मिनिटे कोणती, हे आंटींनी भाच्याकडून लिहून घेतले. माझ्यावर सोडले नाही.