तुम्ही विचारलंत म्हणून: उद्या बाजार किती हलेल?

"तुमचं मशीन लर्निंग सांगतं का हो, उद्या निफ्टी वर की खाली?" लग्नात, ट्रेनमध्ये, कुठेही हा प्रश्न येतोच. वर की खाली, ते मला सांगता येत नाही. किती हलेल, याचा अंदाज मात्र बऱ्यापैकी बांधता येतो, आणि माझं कामच ते आहे.

बाजाराची खळबळ घोळक्याने येते. खवळलेल्या दिवसामागून सहसा खवळलेलाच दिवस येतो. रॉबर्ट एंगल यांनी १९८२ साली हे गणितात बसवलं. २००३ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

दिवसाची हालचाल मोजायची ती अशी: बाजार चालतो सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे ३७५ मिनिटं, पाच-पाच मिनिटांचे ७५ तुकडे. प्रत्येक तुकड्यातल्या टक्केवारी बदलाचा वर्ग करायचा, सगळ्यांची बेरीज, मग वर्गमूळ. ही झाली त्या दिवसाची हालचाल. कालची हालचाल, आठवड्याची सरासरी, महिन्याची सरासरी, एवढ्या तीन आकड्यांवर बसवलेलं साधं समीकरण इतकं चिवट असतं, की त्याला हरवताना भल्याभल्या मॉडेलांची दमछाक होते.

माझ्या पहिल्या एलएसटीएमने (क्रमाने येणाऱ्या आकड्यांवरून शिकणारं न्यूरल नेटवर्क) त्याला सहज हरवलं, तेव्हा दोन दिवस मी हवेत होते. मग दिसलं, की शिकवण्याचा आणि तपासण्याचा असा डेटा विभागताना दिवस पत्त्यांसारखे पिसले गेले होते. बुधवारचा अंदाज करणाऱ्या मॉडेलने गुरुवार आधीच पाहिला होता! तारखेच्या क्रमाने विभागणी केली आणि सगळी आघाडी गेली. तेव्हापासून कुणाचंही मॉडेल पाहताना मी आधी विभागणी कशी केली ते विचारते.

४ जून २०२४, मंगळवार, लोकसभेची मतमोजणी. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त चढला होता. मतमोजणीच्या दिवशी जवळपास सहा टक्के कोसळला. नुसत्या किमती पाहणाऱ्या मॉडेलला मतमोजणी म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याचा हक्क, आणि त्याची किंमत म्हणजे प्रीमियम. या प्रीमियममधून निघणारा, पुढच्या खळबळीची अपेक्षा सांगणारा निर्देशांक इंडिया व्हिक्स मात्र मे महिन्यात चढत गेला होता, कारण प्रीमियम मोजणाऱ्यांना तारीख माहीत होती. म्हणून मी मॉडेलला व्हिक्स देते आणि कॅलेंडरही: निकाल, बजेट, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण. अशा खुणा एकमेकींत मिसळल्यावर काय होतं, ते हेरायला मशीन लर्निंग खरंच कामी येतं.

विचारणाऱ्यांपैकी बरेच जण ऑप्शन विकतात, आणि बाजार फार हलला की त्यांचं नुकसान होऊ शकतं. अंदाज दुप्पट झाला, तर लॉट (सौद्याचे ठरावीक गट) निम्मे करा, असं मी त्यांना सांगते.