46 मीटर

मी वनखात्याच्या आरआरटीत, म्हणजे रॅपिड रिस्पॉन्स टीममध्ये, गुंगीच्या औषधाचा डार्ट मारतो. गावात मला 'वाघाले इंजेक्शन मारनारा' म्हणतात. नोव्हेंबरातली एक संध्याकाळ डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहून राहिलो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही पट्ट्यातलं गाव, धान अर्धा कापलेला, वाघ नाल्याकाठच्या घाणेरीत. पकडायची ऑर्डर हातात होती. सकाळी सातपासून आम्ही तिथं, अन् धुऱ्यावर आख्खं गाव. बंदोबस्ताला चार पोलिस, त्यातले दोन स्वतःच व्हिडिओ काढत होते, जाऊ द्या.

सव्वापाचला वाघ बाहेर आला अन् बांधीत आडवा उभा राहिला, मांडी पूर्ण उघडी. अंतर मोजायच्या रेंजफाइंडरवर 46 मीटर.

मी थांबलो. मागून गावातले फौजी काका म्हणाले, "46 म्हनजे काहीच नाई जी, आमी इन्सास रायफलनं तीनशे मीटरवर फिगर टार्गेट पाडत होतो." एक पोरगं म्हणे, "तो कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे पन्नासवर मारते, ऑलिम्पिकचं ब्राँझ आनलं त्यानं, तुमाले एवढा मोठा वाघ दिसून नाई राहिला का?" 50 मीटर रायफलमध्ये दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असते, ते खरं आहे. पण तिथं टार्गेट चालत नाही.

आमची बंदूक म्हणजे सीओटू गॅसवर चालणारी फुंकणी. डार्ट म्हणजे प्लास्टिकची सिरिंज, मागं गुलाबी शेपूट. सुईच्या बाजूला भोक, त्यावर रबराची छोटी नळी. सुई घुसली की नळी मागं सरकते अन् भरून ठेवलेली हवा औषध आत ढकलते. दरवेळी अंतर मोजून प्रेशर लावायचं. जास्त झालं तर हाड मोडू शकते, कमी झालं तर डार्ट टोचून खाली पडते. वेग सेकंदाला शंभर मीटरही नाही. काकांची गोळी तीनशे मीटर जाते तेवढ्या वेळात माझा डार्ट चाळीसलाही पोचत नाही. अर्ध्या सेकंदाच्या वर हवेत, तेवढ्यात वाघ वळला की डार्ट मांडीऐवजी पोटात. म्हणून मला पंचवीस-तीस बरं, चाळीसच्या पुढं लांब, अन् 46 म्हणजे काकांचं हजार समजा.

अन् डार्ट बसला तरी वाघ लगेच पडत नाही, दहा-पंधरा मिनिटं घेते, तेवढ्यात तो पळते. सूर्य बुडायला आला होता. अंधारात अर्धवट गुंगीतला वाघ अन् धुऱ्यावर तीनशे माणसं. साहेबांचा फोन, "अरे मार ना, वाट कसली पाहतोस?" साहेबांनी आयुष्यात एक डार्ट भरला नाही.

नाही मारला. वाघ नाल्यात उतरला.

नवव्या दिवशी सापडला. 28 मीटर, डावी मांडी, बारा मिनिटांत झोपला. पण मधल्या दिवसांत फौजी काकांचा गोऱ्हा गेला. पंचनाम्यावर सही करताना माझ्याकडं न पाहता म्हणाले, "तुमचं 46 लई महाग पडलं जी मले." मी काय बोलणार, नुकसानभरपाईचा फॉर्म पुढं सरकवला.

आता रोज संध्याकाळी नर्सरीमागं पोतं टांगून 46 वरून मारून पाहतो, डार्टमध्ये साधं पाणी भरून. वारा नसला तर पाचातले तीन मांडीएवढ्या गोलात बसतात. चौथा बाहेर जाते. काल पाचवा कुठं गेला कोणास ठाऊक, एवढी गुलाबी शेपूट असून गवतात सापडून नाही राहिला.