पोलच्या बुडाशी असलेला कॉक

लंडनपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, चिल्टर्न टेकड्यांच्या खोलगटीत हाय विकम नावाचे गाव आहे. तेथे मी खिडक्या धुण्याचा व्यवसाय करतो. शिडी लावून, फडके आणि रबरी पाते घेऊन काच पुसण्याची पद्धत इकडे अजून आहे. पण दुमजली आणि तिमजली घरांसाठी बहुतेक जण आता पोल वापरतात. पोल म्हणजे एकात एक सरकणाऱ्या कार्बन फायबरच्या नळ्यांची लांब काठी, तिच्या टोकाला ब्रश, आणि काठीच्या पोटातून वर गेलेली बारीक पाण्याची नळी. ब्रशमधल्या दोन-चार छिद्रांतून पाणी काचेवर पडते आणि धुणारा माणूस खाली जमिनीवरच उभा असतो. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये उंचीवरच्या कामाचे नियम लागू झाले. त्यांनी शिडीवर सरसकट बंदी घातली नाही, पण जे काम जमिनीवरून करणे व्यवहार्य आहे ते वर चढून करू नये, असा दंडक घातला, आणि त्यानंतर पोलचा वापर चांगलाच वाढला. पोल घेणारा माणूस त्याची लांबी, वजन आणि ब्रशचे केस पाहून घेतो. मला मात्र त्याच्या बुडाशी बसवलेल्या, मुठीत मावणाऱ्या कॉकविषयी लिहायचे आहे, कारण दिवसाचे पाणी पुरणार की नाही हे माझ्या अनुभवात तो कॉकच ठरवतो.

आधी त्या पाण्याविषयी. ही काच धुतल्यावर पुसत नाहीत, तशीच वाळू देतात. त्यामुळे पाण्यात विरघळलेले क्षार जवळजवळ शून्य असावे लागतात, नाहीतर प्रत्येक थेंब वाळताना आपला पांढरा डाग मागे ठेवून जातो. चिल्टर्नच्या टेकड्या खडूच्या मऊ, पांढऱ्या दगडाच्या आहेत आणि आमच्याकडचे पाणी बरेचसे त्याच खडकात मुरलेले असते. माझ्या घरच्या नळाचे पाणी टीडीएस मीटरने, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राने, मोजले तर आकडा ३०० च्या आसपास येतो. ते पाणी मी रात्री आरओमधून आणि मग उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या रेझिनच्या नळकांड्यातून सोडून शून्यावर आणतो. एक लिटर शुद्ध पाणी देताना आरओ साधारण तितकेच, कधी त्याहून जास्त, पाणी निचऱ्याच्या नळीतून बाहेर टाकतो. रेझिनही कायमचे टिकत नाही. ते संपले की नवे भरावे लागते आणि ते स्वस्त नसते.

मागच्या उन्हाळ्यात आई मिरजेहून आली होती. पहिल्याच संध्याकाळी ती गॅरेजच्या दारात उभी राहून ती निचऱ्याची नळी बघत होती.

"अरे, हे एवढं पाणी चाललंय कुठं?"

"आई, ते क्षाराचं पाणी आहे. आपल्या घरच्या आरओतून बाहेर पडतं ना, तसंच."

"घरी मी ते बादलीत धरते आणि फरशी पुसते. तू इथं ड्रम का लावत नाहीस?"

दुसऱ्या दिवशी ड्रम लागला आणि ते पाणी बागेतल्या झाडांना जाऊ लागले. त्यानंतर तिने विचारले, की मग चांगले पाणी किती वाया जाते? मला लगेच उत्तर देता आले नाही, म्हणून त्या रात्री मी हिशेब मांडला. ब्रशमधून मिनिटाला साधारण दीड लिटर पाणी पडते. घराच्या पुढच्या बाजूचे काम संपवून मागे जायचे, फाटकाची कडी काढायची, नळी कोपऱ्यावरून ओढून घ्यायची, घरातल्या माणसाला वरची उघडी खिडकी लावून घ्यायला सांगायचे, पोलची लांबी कमीजास्त करायची, यात घरामागे चार मिनिटे सहज जातात. दिवसाला १८ घरे धरली तर ती ७२ मिनिटे होतात, आणि तेवढ्या वेळात पाणी चालूच राहिले तर १०८ लिटर जमिनीवर जाते. माझ्या व्हॅनमधली टाकी ५०० लिटरची आहे. म्हणजे टाकीचा पाचवा हिस्सा एकाही काचेला न लागता संपतो, आणि आरओचा निचरा धरला तर नळाच्या पाण्याचा आकडा २०० लिटरच्या पुढे जातो. २०२२ च्या उन्हाळ्यात आग्नेय इंग्लंडच्या मोठ्या भागात नळीने बागेला पाणी घालण्यावर बंदी आली होती. लोक आंघोळीचे पाणी बादलीने कुंड्यांना घालत असताना माझ्या ब्रशमधून फुटपाथवर पाणी वाहत राहावे, ही गोष्ट मला तेव्हा खरोखर टोचली होती.

आता कोणी म्हणेल की त्यासाठी रिमोट आहे. खिशातल्या लहानशा बटनाने व्हॅनमधला पंप बंद करता येतो, मग पोलवर वेगळा कॉक कशाला? मीही सुरुवातीचे वर्षभर याच समजुतीत होतो. परंतु पंप बंद करणे आणि पाणी बंद करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. व्हॅनपासून पोलपर्यंत माझी १०० मीटर लांबीची नळी असते. तिचे भोक ८ मिलिमीटरचे धरले तर तिच्या पोटात पाच लिटर पाणी असते, आणि दाबाखाली ती नळी किंचित फुगलेली असते. पंप थांबला की फुगलेली नळी आकसू लागते आणि आपल्यातले जादा पाणी ब्रशवाटे बाहेर ढकलते. बटन दाबल्यावरही काही सेकंद धार चालू राहते ती यामुळेच. सपाट जागी ती लवकर ओसरते; आमच्या गावात मात्र सपाट जागा शोधावी लागते. व्हॅन चढावर उभी असली आणि धुवायचे घर खाली उतारावर असले, की टाकीतल्या पाण्याची पातळी ब्रशपेक्षा वर राहते. व्हॅनमधला पंप डायफ्रॅमचा, म्हणजे आतला लवचिक पडदा हलवून पाणी ढकलणारा असतो; त्यातल्या झडपा पाण्याला मागे येऊ देत नाहीत, पण पुढे जाणाऱ्या पाण्याला त्या फारसे अडवत नाहीत. त्यामुळे पंप बंद असूनही टाकीतले पाणी उताराच्या जोरावर पंपातून, नळीतून आणि ब्रशमधून शांतपणे वाहत राहते. ज्या खडूच्या टेकड्यांमुळे आमचे पाणी जड होते, त्याच टेकड्यांच्या उतारामुळे ते शुद्ध केल्यावरही हातचे निघून जाते. याला उपाय एकच: पाणी ब्रशच्या जवळ, म्हणजे नळीच्या शेवटच्या टोकाशी अडवायचे. तेथे कॉक बंद केला की फुगलेली नळी फुगलेलीच राहते, उताराचे पाणी जागच्या जागी थांबते, आणि पुन्हा उघडताच धार तत्काळ मिळते.

नेमका कोठे बसवायचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पोलच्या आतली बारीक नळी खालच्या टोकातून बाहेर येते आणि तेथे ती व्हॅनकडून आलेल्या मोठ्या नळीला जोडलेली असते. कॉक साहजिकच त्या जोडापाशी बसतो. पण पोल उंच केला की आतली नळी वर ओढली जाते आणि आखूड केला की खालून बाहेर येते. त्यामुळे तिसऱ्या मजल्याची खिडकी धुताना कॉक हाताशी असतो, आणि तळमजल्याची धुताना तोच कॉक चार-पाच मीटर मागे हिरवळीवर पडलेला असतो. वाकून, मागे जाऊन तो बंद करण्याचा कंटाळा येतो, आणि ज्या कॉकचा कंटाळा येतो तो बंद केला जात नाही. मी आता कंबरेच्या पट्ट्याला एक हूक लावला आहे. कॉकच्या अलीकडची मोठी नळी त्यात अडकवतो आणि पोलची नळी मुद्दाम दोन मीटर जास्त लांब ठेवतो, म्हणजे पोल पूर्ण उंच केला तरी कॉक कंबरेशीच राहतो आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने त्याची मूठ फिरवता येते. नळीची ही ढील फार महत्त्वाची आहे. ती कमी पडली तर पोल उंच करताना कॉक पोलच्या बुडावर जाऊन आपटतो, पुढे ताण थेट वरच्या ब्रशच्या जोडावर येतो, आणि सहा मीटर उंचीवर निसटलेली नळी परत बसवण्यासाठी सगळा पोल खाली घ्यावा लागतो.

प्रकारांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. नळीची घडी घालून ती मुठीत दाबून धरणारे लोक मी पाहिले आहेत. थोड्याच दिवसांत त्या घडीवर नळी चिरते. फिरत फिरत बंद होणारा, स्क्रूचा कॉक ओल्या हातमोज्यांनी वापरणे त्रासाचे आहे. माझ्या मते या कामाला पाव वळणात उघडबंद होणारा बॉल व्हॉल्व्हच (आतला भोक असलेला गोळा फिरवून पाणी अडवणारा कॉक) योग्य: मूठ नळीच्या रेषेत असली की चालू, आडवी असली की बंद, त्यामुळे अंधारलेल्या गल्लीतही बोटांनी चाचपून कळते. मूठ मात्र आखूड घ्यावी. माझ्या पहिल्या कॉकची मूठ लांब आणि देखणी होती, आणि ती गुलाबाच्या झुडपात, फाटकाच्या कोपऱ्यात, पायरीच्या कडेवर अडकून आपोआप बंद होत असे. पाणी का थांबले हे पाहायला मी किती वेळा व्हॅनपर्यंत चालत गेलो असेन. त्याचे जोड दाबून बसवण्याचे असतात; नळीचे टोक धारदार कात्रीने काटकोनात कापले आणि पूर्ण आत ढकलले तर ते गळत नाहीत, तिरपे कापले तर आतल्या रबरी कडीवर ओरखडा उठतो आणि दुपारपर्यंत मोजा ओला होतो.

कॉक बंद केल्यावर व्हॅनमध्ये काय होते, हे समजून घेतल्याशिवाय तो बसवू नये. पंप चालूच असतो आणि पाण्याला वाट नसते, त्यामुळे नळीतला दाब चढू लागतो. दाब चढला की पंपाच्या मोटरला जास्त जोर लावावा लागतो आणि ती जास्त वीज ओढते. व्हॅनमधला कंट्रोलर, म्हणजे पंपावर लक्ष ठेवणारी विजेची पेटी, ती वाढ ओळखतो आणि पंप थांबवतो. याला आमच्याकडे डेड एंड म्हणतात. ही ओळख किती हळवी ठेवायची ते आपणच आकडा देऊन ठरवायचे असते. फार हळवी ठेवली तर पाणी व्यवस्थित पडत असतानाही पंप थांबतो, आणि फार ढिली ठेवली तर कंट्रोलर थांबवतच नाही. एका सोमवारी सकाळी मी थंडीमुळे तो आकडा वाढवून ठेवला होता, कारण थंडीत नळी ताठरते, पाणी जड चालते आणि पंप उगाच थांबत राहतो. दुपारी ऊन पडले, नळी पुन्हा मऊ झाली, पण आकडा खाली आणायचे माझ्या ध्यानात राहिले नाही. एका आजींनी दारातून हाक मारली म्हणून कॉक बंद करून मी त्यांच्याशी बोलत राहिलो. तेवढ्या वेळात कंट्रोलर गप्पच राहिला आणि पंप आपल्या स्वतःच्या दाबाच्या स्विचपर्यंत, म्हणजे १०० पीएसआयपर्यंत, पाणी रेटत गेला. मोटारीच्या चाकात आपण ३० पीएसआयच्या आसपास हवा भरतो, त्यावरून त्या दाबाची कल्पना यावी. नळीच्या रिळाजवळचा एक जुना जोड सुटला. दाब सुटताच पंप पुन्हा सुरू झाला आणि मी व्हॅनचे दार उघडले तेव्हा आत घोट्याइतक्या उंचीवर पाणी उडत होते, फडक्यांची पेटी भिजली होती आणि टाकी शंभरेक लिटरने रिकामी झाली होती. दोष कॉकचा नव्हता. तो आपले काम चोख करत होता. तेव्हापासून आकडा बदलला की मी लगेच एकदा कॉक बंद करतो आणि पंप किती वेळात थांबतो ते कानांनी ऐकतो. पाच-सहा सेकंदांत तो थांबला पाहिजे. उघडल्यावर तो पुन्हा चालू होतो की नाही, हेही त्याच वेळी पाहून घेतो.

हिवाळ्यात कॉकचे महत्त्व वाढते आणि त्याची काळजीही वाढते. जानेवारीच्या सकाळी घराच्या पायऱ्यांवर सांडलेले पाणी थोड्या वेळात बर्फ होते, आणि त्यावरून पाय घसरणारा माणूस बहुधा म्हातारा असतो. म्हणून त्या दिवसांत मी दाराकडच्या वाटेवरून कॉक बंद केल्याशिवाय पाऊल टाकत नाही. रात्रीसाठी मात्र नियम उलटा आहे. बॉल व्हॉल्व्ह पूर्ण बंद असला की मधल्या गोळ्याच्या भोकात थोडेसे पाणी कोंडले जाते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि त्या कोंडलेल्या चमचाभर पाण्याला फुगायला जागा नसते. माझ्या दुसऱ्या कॉकच्या अंगावर असाच केसाएवढा बारीक तडा गेला होता. बाहेरून तो दिसत नव्हता, फक्त बोट फिरवल्यावर नखाला लागत होता, आणि दाब आला की त्यातून धुक्यासारखा फवारा निघत होता. आता थंडीत काम संपले की मी पंप बंद करतो, ब्रश गटाराच्या जाळीवर ठेवून नळीतले पाणी ओसरू देतो, कॉक सोडवून झटकतो, आणि त्याची मूठ अर्ध्यावर, ४५ अंशांत ठेवतो, म्हणजे गोळ्याच्या भोकाला दोन्ही बाजूंनी वाट राहते. रात्री तो व्हॅनमध्ये नसतो. स्वयंपाकघराच्या दारामागे, गाडीच्या किल्लीशेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो.