तुम्ही विचारलंत म्हणून: झेडपीच्या शाळेत अध्यात्म?

लग्नात, बारशाला, कुठेही गेलं आणि मी झेडपीच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते म्हटलं की हा प्रश्न येतोच. आमच्या मुलांच्या शाळेत श्लोक पाठ करून घेतात, ध्यान घेतात, तुमच्याकडे अध्यात्माचं काय करता हो? आत्तापर्यंत हसून विषय बदलायचे, पण परवा नात्यातल्या एका वहिनींनी अगदी मनापासून विचारलं म्हणून लिहितेय.

तर आधी नियमाचं सांगते. पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, संविधानाचं कलम 28 आहे तसं, आणि मला ते पटतं, कारण माझ्या एकोणीस पोरांत घरी आरती म्हणणारी आहेत, बुद्धवंदना म्हणणारी आहेत आणि संध्याकाळी अरबी शिकायला जाणारी दोघं आहेत. मग उरतो परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रास्ताविका, सुविचार, दिनविशेष, पसायदान, सगळं खड्या आवाजात आणि सुसाट, पसायदान तर पोरं असं म्हणतात की शेवटची एसटी चुकणारे. खरं सांगू का, त्यातनं आत किती जातं याबद्दल मला शंका आहे.

मला जास्त भरवसा आहे तो त्यानंतरच्या दोन मिनिटांच्या मौनावर. डोळे मिटायचे आणि काय काय ऐकू येतं ते नंतर सांगायचं, बस. सुरुवातीला सगळे एका डोळ्याने शेजारच्याकडे बघायचे. मग हळूहळू यायला लागलं, ट्रॅक्टर, होला, खिचडीची फोडणी, आणि एकजण म्हणाला मॅडम माझ्या कानातच काहीतरी धपधप वाजत होतं. मी त्याचाच हात त्याच्या छातीवर ठेवला. नंतर आठवडाभर सगळा वर्ग एकमेकांच्या छातीला कान लावून फिरत होता, गणिताचा तास पार वाया गेला, जाऊ दे.

दुसरी गोष्ट पालखीची. आमचं गाव माळशिरस तालुक्यात, माऊलींच्या पालखीच्या वाटेवर, त्यामुळे आषाढात शाळेच्या खोल्या दिंड्यांना मुक्कामाला देतात. टोप्या घालून, तुळस डोक्यावर देऊन पोरांची दिंडी आम्हीही काढतो, पण ती निम्मी फोटोसाठी असते हे कबूल. पोरांच्या लक्षात राहिली ती एक म्हातारी, पहाटे निघायच्या आधी तिने वर्ग झाडून काढला, अंगणातली पत्रावळ पण उचलली, कुणी सांगितलं नव्हतं. पाणी द्यायला आलेल्या पोरांनी ते बघितलं. मी त्यावर काहीही बोलले नाही, बोलले असते तर त्याचा सुविचार झाला असता.

आता माझी चूक. दुसरीतल्या एका मुलाची आजी गेली, आईबाप ऊसतोडीला जायचे तेव्हा हा तिच्याजवळच राहायचा. शाळेत आला तर नुसता बसून, मला काही सुचेना, म्हटलं अरे देवाला चांगली माणसं आवडतात म्हणून तो लवकर नेतो. आपण सगळेच म्हणतो की असं. पंधरा दिवसांनी त्याची आई आली, म्हणे मॅडम हा मला रोज सांगतोय, आई तू जरा भांडत जा गं लोकांशी. मला कळेचना आधी. मग कळलं, आणि पोटात खड्डाच पडला. एवढ्याशा पोराने माझं वाक्य घेऊन आईला वाचवायची तजवीज चालवली होती.

त्याला जवळ घेऊन सांगितलं की बाळा, मी चुकीचं बोलले, माणूस मेल्यावर कुठे जातो ते मला माहीत नाही. आजीचं काय काय आठवतं ते सांग म्हटलं, तर म्हणाला तिच्या लुगड्याला मिसरीचा वास यायचा. मग बाकीचेही सांगायला लागले, कुणाचे आजोबा, कुणाचा बैल, कुणाची दगावलेली शेळी, तो सगळा तास त्यातच गेला आणि मी फळ्याकडे फिरकले नाही.

तेव्हापासून ‘माहीत नाही’ हे मी वर्गात बिनधास्त म्हणते. तर वहिनी, अध्यात्माचं आम्ही करतो ते एवढंच. परवा त्यानेच विचारलं, मुंग्यांना देव असतो का? म्हटलं, मला नाही बाबा माहीत. माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाला, थांबा, मोठ्या सरांना विचारून येतो.